हिरा, मी त्या पाच घरांपर्यंत गेले

हिरा, शाळेत तुझ्यासाठी शोकसभा झाली तेव्हा मी मुलुंडहून मुद्दाम आले होते. टेबलावर तुझा फोटो होता. सहलीच्या फोटोतून तेवढाच कापून मोठा केलेला, त्यामुळे तुझ्या खांद्यावर कुणाची तरी चार बोटं तशीच राहून गेली होती. ती माझी. हेडमास्तर म्हणाले, "शालिनीबाई, आता तुम्ही बोला. हिराबाईंना तुमच्याइतकं इथे कुणी ओळखत नाही." मी उठले, फोटोकडे पाहिलं आणि परत खाली बसले. सगळ्यांना वाटलं, मला रडू फुटलं. शेजारच्या बाईंनी रुमालही पुढे केला. पण मला रडू आलं नव्हतं. माझ्याजवळ सांगण्यासारखी एकच गोष्ट होती. ती आठ वर्षं तुला सांगायची राहिली होती, आणि त्या हॉलमध्ये तू सोडून सगळे होते.

म्हणून आता सांगते. तुला त्यातलं बरंच माहीत होतं हे मला परवा कळलं. तरी माझ्या तोंडून तू ऐकलेलं नाहीस.

एकाहत्तरच्या मार्चमध्ये जनगणना आली आणि म्युनिसिपालिटीच्या सगळ्या मास्तर-बाईंच्या गळ्यात ते काम पडलं. आपली शाळा अंधेरीची. प्रत्येकाला वाटत होतं की आपल्याला स्टेशनजवळच्या चाळी मिळाव्यात, एका जिन्यात वीस बिऱ्हाडं, दोन दिवसांत काम खलास. हेडमास्तरांनी यादी वाचली. शेवटी उरली ती समुद्रापलीकडची सुटी सुटी घरं. मढची, एरंगळची, पुढे मार्व्याची खाडी ओलांडून मनोरी-गोराईची. कुणी हात वर करेना. तू उभी राहिलीस. "मी जाते सर, माझीच माणसं आहेत तिकडे. फक्त ही वरणभात माझ्याबरोबर द्या, हिचं अक्षर चांगलं आहे."

वरणभात म्हणजे मी. शाळेत लागून मला वर्षसुद्धा झालं नव्हतं. तू माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, चौथीची बाई, वेसाव्याच्या कोळीवाड्यातली, तुमच्या गल्लीतली पहिली मॅट्रिक झालेली मुलगी. तुझी आई अंधेरीच्या बाजारात मासळी घेऊन बसायची, आणि जाता येता शाळेच्या फाटकातून ओरडून तू जेवलीस का ते विचारायची. तू वर्गाच्या खिडकीतून तितक्याच मोठ्यांदा उत्तर द्यायचीस. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तुला नाही. पहिल्याच आठवड्यात तू मला म्हणालीस, "ए, मला ताई-बिई म्हणू नकोस हं. हिरा म्हण. नाहीतर मी पण तुला आजी म्हणेन."

मी अंधेरीत जन्मले, अंधेरीत वाढले, पण समुद्र म्हणजे माझ्यासाठी रविवारची जुहूची वाळू, तीही वडिलांचा हात धरून. तरीच्या होडीत बसायची वेळ आली तेव्हा मी दोन्ही हातांनी फळी घट्ट धरली होती. वेसाव्याहून मढला जायला किती, दहा मिनिटं. तेवढ्यात तू मला विचारलंस, "पोहता येतं?" मी म्हटलं, नाही. "मग घाबरून काय उपयोग? बुडायचं तर बुडशीलच. नीट बस, हवा खा."

ते तीन आठवडे, हिरा! सकाळची शाळा करून आपण निघायचो. पिशवीत जनगणनेच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे, एका माणसाला एक चिठ्ठी, आणि शाईची बाटली फडक्यात गुंडाळलेली. चपला हातात. मढच्या पुढे ती लांबच लांब पुळण, माणूस नाही, कुत्रं नाही, वरती ताडांची रांग आणि खाली आपल्या दोघींच्या पावलांच्या ओळी. मग एक घर. मग मैलभर काही नाही. मग दोन घरं. मार्व्याला पुन्हा होडी, मनोरीला उतरलं की बैलगाडी, गोराईच्या बाजूला पुन्हा वाळू. संध्याकाळी खाडीच्या होडीतून बोरिवलीच्या काठाला लागायचं. आपण मुंबईच्या उपनगरात नोकरी करणाऱ्या दोन बाया आहोत हे त्या दिवसांत मी विसरून गेले होते. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायचं, माणसं मोजायची, आणि प्रत्येक घरी पाण्याचा तांब्या पुढे यायचा.

एरंगळच्या झाडाखाली तू डबा उघडलास. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. माझ्या डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी. तू माझ्याकडे बघितलंस. "चाखून बघ गं. देवानं विचारलं तर माझं नाव सांग." मी चाखलं. मग तुझी अर्धी भाकरी खाल्ली. घरी आईला वास येईल म्हणून समुद्राच्या पाण्याने चार वेळा तोंड धुतलं आणि तू वाळूत आडवी पडून हसत होतीस. माझं सगळं मोठं होणं तिथून सुरू झालं, आणि ते तू केलंस. हे मी तुला कधी म्हटलं नाही. ते म्हणायला सोपं होतं, तरी नाही म्हटलं.

मग ती पाच घरं.

मढच्या पुढे खडकांची एक सोंड समुद्रात गेलेली आहे आणि तिच्या टोकाला जमिनीचा तुकडा. भरतीला तो सुटा होतो, ओहोटीला ओल्या वाळूवरून चालत जाता येतं. त्याला नाव नव्हतं. यादीत नुसतं "समुद्रालगतची पाच घरे" असं होतं. चार घरं पटापट झाली. पाचव्या दारात चंद्री बसली होती, माझ्याच वयाची, जाळ्याची गाठ दातात धरून. आत सासू.

तू तिला तुमच्या बोलीत विचारलंस, घरात कोण कोण आहे.

"सासू, मी न माजा घो," ती म्हणाली.

"कुठे आहे तो?"

"दर्यान गेलाय. येल."

तू नाव विचारलंस. धर्मा. वय बत्तीस. लिहिता वाचता येत नाही. लग्न झालेलं. धंदा मासेमारी. तू सांगत होतीस आणि मी माझ्या चांगल्या अक्षरात त्याची चिठ्ठी लिहीत होते. मी सहज विचारलं, "केव्हा गेलाय?"

आतून सासू म्हणाली, "दिवालीला."

मार्च चालू होता. माझं पेन थांबलं. सासूने तिथूनच सगळं सांगितलं, भिंतीकडे तोंड करून. दिवाळीनंतरच्या वादळात होडी गेली, तिघे होते, दोघांची प्रेतं वर लागली, धर्मा सापडला नाही. वाडीतल्या कुणी चंद्रीला काही म्हटलेलं नव्हतं. तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, कपाळाला कुंकू होतं, चुलीजवळ तिसरी थाळी मांडलेली होती.

"लिही," तू मला म्हणालीस.

आपण वाळूवर परत आलो आणि भांडण सुरू झालं. आपलं पहिलं खरं भांडण.

"हिरा, नियम काय आहे? एवढे महिने जो घरात नाही त्याला त्या घरात धरायचं नाही."

"खलाशी दर्यात असतात, त्यांना धरतोच ना आपण?"

"हा खलाशी दर्यात नाहीये. हा..."

"हा काय? बोल ना. तू बघितलंस त्याला?"

"तू तरी बघितलंस?"

"तिनं बघितलंय. तिचा नवरा आहे. तो मेला म्हणायला आपण कोण?"

"मग जिवंत म्हणायला तरी आपण कोण? आपण माणसं मोजायला आलोय की समजूत घालायला?"

तू थांबलीस. चपला खाली टाकल्यास आणि म्हणालीस, "शालू, आमच्याकडे दर्यात गेलेल्या माणसाला घरचं माणूस सोडतं, तेव्हा तो जातो. बाहेरच्यानं घाई करायची नसते." मी म्हटलं, हे जनगणनेच्या पुस्तकात कुठे लिहिलंय? तू हसलीस, पण मनापासून नाही. बोरिवलीपर्यंत आपण बोललो नाही.

आता पुढचं ऐक.

मार्च संपला, एप्रिलच्या पहिल्या तीन दिवसांत पुन्हा एक फेरी करायची होती. मधल्या दिवसांत कुणी जन्मलं, कुणी गेलं, ते नोंदवायचं, लिहिलेलं वाचून दाखवायचं. तुझ्या भावाचं लग्न होतं. तू म्हणालीस, "जाशील ना एकटी?" मी म्हटलं, जाईन. निघायच्या आधी शाळेत बसून मी गठ्ठे लावत होते आणि धर्माची चिठ्ठी हातात आली. मी ती फाडली. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण नवऱ्याची चिठ्ठी नाही आणि बायको "विवाहित", हे मला जुळेना. मी चंद्रीच्या चिठ्ठीवरचा तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, "विधवा". सुवाच्य, हिरा. तू ज्या अक्षरासाठी मला बरोबर घेतलं होतंस त्या अक्षरात.

मला वाटलं, कागदावर आहे, कुणाला कळणार?

त्या पाच घरांशी पोचले तेव्हा पाणी चढायला लागलं होतं. साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती, ऊन डोक्यावर. मी दारात उभी राहूनच भराभर वाचलं. सासूचं वाचलं. मग चंद्रीचं: नाव, वय, आणि तोंडातून पुढचा शब्दही निघून गेला. वाचत असताना डोळे पुढे पळतात ना, तसं.

चंद्री बोंबील बांबूवर टाकत होती. ती वळली. रागावली नाही. अगदी हळू विचारलं तिने, "कागुद आला काय सरकारला? घावला काय तो?"

हिरा, तिला वाटलं की सरकारने लिहिलंय म्हणजे सरकारला ठाऊक असणार. कुठेतरी किनाऱ्याला तो लागला असेल, कुणीतरी कळवलं असेल, आणि ते मी वाचून दाखवतेय. मला एवढंच म्हणायचं होतं की नाही गं बाई, हे मी माझ्या मनानं लिहिलंय. तेवढं म्हणायला लाज वाटली. पाणी चढत होतं. आणि खोटं सांगत नाही, एक क्षण असंही वाटून गेलं की सुटेल बिचारी एकदाची, रोज ताट वाढून वाट बघण्यातून.

मी मान हलवली. "हो," म्हटलं.

तिने माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलं. मग उतरत उतरत पाण्यापर्यंत गेली आणि एका दगडावर बांगड्यांचा हात आपटला. एकदाच. मग दुसरा. सासू आतून धावत आली. मी उलट्या दिशेने पाण्यातून चालत होते. मागून ओरडणं ऐकू येत होतं आणि मी चालत होते. मढला तरीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मी तिची सही, अंगठा, काहीच घेतलं नाही.

पंधरा दिवसांनी मधल्या सुट्टीत तू माझ्या वर्गात आलीस. "शालू, चंद्रीच्या नवऱ्याचा कागद आला म्हणे. तेरावं पण झालं. तुला कुणी दाखवला?"

मी फळा पुसत होते. म्हटलं, "जनगणनेचे ते वरचे साहेब म्हणाले." त्या माणसाची बदली झाली होती, त्याला कुणी विचारायला जाणार नाही, हे मला माहीत होतं.

"कुठे सापडला म्हणाले?"

"ते नाही सांगितलं."

"तिला जागा पाहिजे गं," तू म्हणालीस. "कुठल्या किनाऱ्याला लागला, कुठे जाळला, तेवढं. तिथलं पाणी घेऊन यायचंय तिला. मी शोधते तो कागद. तू येशील ना बरोबर?"

आणि मी आले. तू मला घेऊन हिंडलीस आणि मी हिंडले. चौकीत गेलो, तहसिलीत गेलो, खाली बंदरावरच्या कचेरीत दोनदा गेलो. बाकांवर बसलो. तू प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून सांगायचीस, धर्मा, बत्तीस वर्षं, दिवाळीनंतरचं वादळ, आणि मी बाजूला मान खाली घालून बसायचे. घरी आले की ठरवायचे, उद्या सांगू. बंदराच्या कचेरीतल्या म्हाताऱ्या कारकुनाने बिचाऱ्याने तीन रजिस्टरं काढली, बोट लावून लावून बघितली आणि चष्मा काढून म्हणाला, "बाई, असा कागद आलेलाच नाही. आला असता तर आमच्याकडूनच पुढे गेला असता. तुम्हाला हे सांगितलं कुणी?"

तू वळून माझ्याकडे बघितलंस.

बाहेर येऊन आपण उसाचा रस घेतला. तू पेला हातात धरून विचारलंस, "शालू, तुला काही सांगायचंय?"

मी म्हटलं, "नाही."

"बरं," म्हणालीस, आणि रस पिऊन टाकलास. कागदाचं नाव त्या दिवसानंतर तू काढलं नाहीस. मला वाटलं, वाचले. मला खरंच तसं वाटलं.

पण तू दुसरंच सुरू केलंस. दर वर्षी परीक्षा संपल्या की एक दिवस. "चल गं वरणभात, बेटं फिरून येऊ." तीच वाट. वेसावे, मढ, एरंगळ, मार्व्याची होडी, मनोरी, गोराई, बोरिवली. माझं लग्न झालं, मी मुलुंडला गेले, शाळा बदलली, तरी तुझं पोस्टकार्ड यायचं, अमुक रविवारी ये. मी यायचे. ते दिवस सुंदर होते हे कसं नाकारू? मनोरीला त्या विहिरीवर आपण केस धुतले होते, माझ्या पोटात मुलगी होती त्या वर्षी तू मला गोराईपर्यंत बैलगाडीत आडवी झोपवून नेलंस आणि गाडीवानाशी भांडलीस की खड्डे चुकव. पण दर वर्षी त्या खडकांच्या सोंडेशी तू थांबायचीस. "ओहोटी आहे. जाऊन यायचं?"

"उशीर होईल," मी म्हणायचे. किंवा, "पाय दुखतायत." किंवा, "तू ये जाऊन."

तू जायचीस. मी ताडांखाली बसायचे. ओल्या वाळूवरून तू लहान लहान होत जायचीस, मग तिकडे दारात आणखी एक आकृती उभी राहायची, आणि दोघी आत जायच्या. मी तुमच्याकडे बघत नाहीये असं स्वतःला सांगत मी बघायचे. परत येताना तुझ्या हातात कागदात बांधलेले सुके मासे असायचे. "चंद्रीनं दिलेत. तुला." मी ते मुलुंडला न्यायचे आणि शेजारणीला देऊन टाकायचे. तुला सांगायचे, छान होते.

धर्माला मी कधी पाहिलं नाही, हिरा, पण त्याची चिठ्ठी मला पाठ आहे. वेसाव्याला होड्या लागताना दिसल्या की मी आजही उतरणाऱ्या माणसांचे चेहरे बघते. बत्तीस. आता चाळीस. परळला एकदा बस थांबली असताना मासळीची टोपली उतरवणाऱ्या एका माणसाला मी चक्क हाक मारली होती. तो वळला नाही. माझ्या नवऱ्याने विचारलं, कोण गं? मी म्हटलं, शाळेतले शिपाई. आमच्या घरात मी वहीत चुकून नाव खोडलं तरी मला थांबावं लागतं. मुलीच्या शाळेचा फॉर्म भरताना "वडील: हयात / मयत" असं होतं, तेवढं मी नवऱ्याला भरायला लावलं.

हॉस्पिटलमध्ये तुझे डोळे हळदीसारखे झाले होते. तू म्हणालीस, "एप्रिलला जायचं ना?" मी म्हटलं, जायचं. "या वेळी उतरू," तू म्हणालीस. त्या वेळी माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तुझी आई डबा घेऊन आत आली, तिच्यासाठी खुर्ची द्यायला मी उठले, आणि मग भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. उद्या सांगू, असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून तू कुणाला ओळखत नव्हतीस.

परवा मी गेले. एकटी. घरी सांगितलं नाही. तरीत बसले, मढच्या पुढे चालत गेले, सोंडेशी ओहोटी होती, आणि मी उतरले. पाच घरांतली दोन पडली आहेत. चंद्री दारात जवळा निवडत बसली होती. केस पिकायला लागलेत तिचे. सासू आत खाटेवर. चंद्रीने मान वर केली आणि लगेच ओळखलं.

"ये," म्हणाली. "हिरा गेली तं कळला माना. म्हातारीला टाकून येता आला नाय."

मी बसलेही नाही. उभ्या उभ्याच सांगितलं. "चंद्री, तो कागद आला नव्हता. सरकारकडे काहीच नव्हतं. तो शब्द मी लिहिला होता. तू विचारलंस तेव्हा मी हो म्हटलं, ते खोटं होतं. मी खोटं बोलले."

तिचे हात थांबले नाहीत. जवळ्यातला कचरा वेचत ती म्हणाली, "म्हाईत हाय."

मला कळेचना.

"हिरानं सांगतला. त्याच वरसी. कागुद-बिगुद कायच नाय बोलली, शालूनं मनानं लिवला." तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "मी बोलली, तिला घेऊन ये, बघतेच. हिरा बोलली, नाय, बोलवायचा नाय तिला. ती आपली आपन येल. दर वरसाला यायची न बोलायची, ती थय झाडाखाली बसलीय. मी दारातशी बगायची तुना. एका वरसी लाल साडी. एका वरसी पोटुशी व्हतीस."

मी तिच्या हातांकडे बघितलं. मोकळी मनगटं. तिला ते दिसलं.

"परत कोन घालील?" ती म्हणाली. "सगल्यांनी त्याचा सगला करून टाकला. आता काय बोलू, थांबा, तो हाय? आन तो नव्हताच गं बाय. ता माना बी कळला असता. पन ता माना कळायचा व्हता. तू सांगायचा नव्हता."

हिरा, तुझ्याशी मनातल्या मनात आठ वर्षं जे भांडले ते तिथे दोन वाक्यांत संपलं, आणि मी हरले हे सांगायलाही तू नव्हतीस. तिने मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. तिने तसं काही म्हटलं नाही, आणि मी विचारलं नाही. तुझ्यावर मात्र मला क्षणभर राग आला. सगळं माहीत असून तू माझ्याबरोबर केस धुतलेस, भाकरी खाल्लीस, माझ्या मुलीला मांडीवर घेतलंस. तू एकदा ओरडली असतीस तर. पण तू ओरडली असतीस तर मी ते तुझ्यासाठी सांगितलं असतं, तिच्यासाठी नाही. हे तुला माझ्याआधी कळलं होतं.

मी जायला निघाले तेव्हा चंद्रीने सूप बाजूला ठेवलं. "एक विचारू? हिराला लय दुखला काय गं? जाताना?"

शाळेत सगळ्यांना मी सांगितलं होतं, शांतपणे गेली. तुझ्या भावजयीला तेच सांगितलं. माझ्या घरीही तेच.

मी तिच्या समोर जमिनीवर बसले. म्हटलं, हो. फार दुखलं. शेवटचे दोन दिवस ती कुणाला ओळखत नव्हती. चादर दातात धरायची. नर्सने हात खाटेला बांधले होते, कारण ती सुई ओढून काढत होती. आईला हाका मारत होती आणि आई तिथेच उभी होती, तरी हाका मारत होती. मी पाय धरून बसले होते. सकाळी सहाच्या सुमाराला तिचा आवाज बसला, आणि मग थोड्या वेळाने ती गेली.

चंद्री ऐकत होती. मग तिने पदर तोंडाला लावला आणि तुझ्यासाठी रडली, मोठ्यांदा, तुमच्याकडे रडतात तशी, आणि आतून म्हातारीनेही सूर लावला. मी त्या दोघींच्या मध्ये बसून होते. हिरा, त्या सभेत मला जे आलं नव्हतं ते तिथे आलं.